हलकी सिस्टीम

माझ्या नवऱ्याला जुन्या मशिनांची दया येते. माणसांची येते का, ते इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मी छातीठोक सांगणार नाही. पण अमक्यानं कॉम्प्युटर भंगारात काढला असं कानावर पडलं की ह्याला जेवण जात नाही. ताटातलं वरण निवतं, मी चिडते, आणि हा स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून दाराबाहेर पडलेला असतो.

नाव अश्वजित सोनकांबळे. औशाला बसस्टँडजवळच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मूळ गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. वडील सडकेच्या कामावर मजुरीला जात. घरात एकच रेडिओ होता, तो अश्वजितनं लहानपणी उघडला आणि परत जोडताना त्याच्या हातात दोन-तीन स्क्रू उरले. तरी रेडिओ वाजला. तेव्हापासून ह्याचा पक्का समज झाला की कुठल्याही यंत्रात थोडं जास्तीचं असतंच, काढून टाकलं तरी बिघडत नाही. हा समज पुढं आम्हाला चांगलाच नडला.

लातूरला आयटीआय केलं, दुसऱ्याच्या दुकानात राब राब राबला, मग स्वतःचं दुकान टाकलं. मी मनिषा, आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. घर माझ्या पगारावर चालतं आणि दुकान ह्याच्या हौसेवर, असं मी चारचौघांत बोलून दाखवते. तो नुसता हसतो. खोटं नसल्यामुळं त्याला दुसरा इलाजही नाही.

दुकानात येणाऱ्यांची तक्रार एकच असते, "लई स्लो झालंय." त्यात दोन जाती. एक, खरोखर जुनी मशिनं. दुसरी, नवे पण स्वस्तातले लॅपटॉप. त्यांच्यात जागाच इतकी कमी की कंपनीची सिस्टीम एकटीच सगळं घर व्यापून बसते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट मागते तेव्हा पाय ठेवायलाही जागा नसते. खोली भाड्यानं द्यावी आणि भाडेकरूनं मालकालाच ओट्यावर झोपवावं, तसली गत. अश्वजितचं निदान ठरलेलं. "मशीन म्हातारं न्हाई झालं. डोक्यावर ओझं लई हाय."

ओझं उतरवायला तो इंटरनेटवरून वेगळ्या सिस्टीम घेतो. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, कुणीही घ्या, कुणीही उघडून बघा, आपल्याला हवा तसा बदल करा. एवढ्याशा जागेत मावतात, दहा-पंधरा वर्षांच्या मशीनवर पळतात. काही तर नुसत्या पेन ड्राइव्हवर चालतात, आत डिस्क नसली तरी. त्यातल्या एकीचं नाव पपी लिनक्स. पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, हे ह्याला माहीत. समोरच्याला काय माहीत असणार? हा भर दुकानात एका शिक्षिकेला म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका, तुम्हाला पपी देतो." बाईंनी लॅपटॉप उचलला आणि मागं न बघता लातूरची बस धरली.

त्या दिवसापासून परदेशी नावं बंद झाली. अश्वजित सरसकट "लाइट सिस्टीम" म्हणायला लागला. वजनाला कमी, म्हणून लाइट. आठवड्यात हणमंतराव नावाचे एक गिऱ्हाईक तणतणत आले. "तुमी म्हणलाव लाइट सिस्टीम. आन् लाइट गेली की मशीन बंद पडायलंय की!" आमच्याकडं लाइट म्हणजे वीज, हे सांगायला कुणी पंडित लागत नाही. हणमंतरावांना वाटलं होतं, ही सिस्टीम टाकली की विजेचं कामच संपलं. चहा पाजून त्यांना घालवावं लागलं.

मग ह्यानं ठरवलं की मराठी माणसाला मराठीतच सांगावं. दुकानावर पाटी लागली, "येथे हलकी सिस्टीम टाकून मिळेल." लोक हसले, पण आले. शब्द बसला. मलाही काही वावगं वाटलं नाही, खरं सांगते. लाइटला मराठीत हलकंच म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात ह्याचा मित्र गुरुबसप्पा, जो लातूरच्या एका कॉलेजात लॅबमध्ये आहे, त्याचा फोन आला. कॉलेजानं नवे कॉम्प्युटर घेतले होते, जुने भंगारवाल्याला चालले होते. आतल्या डिस्क काढून घेतलेल्या, बाकी मशिनं शाबूत. "नेतोस का?" अश्वजितनं मला विचारायची तसदी घेतली नाही. संध्याकाळी टेम्पो दारात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! ओसरीवर कॉम्प्युटरांची अशी चळत लागली की सायकल आत घ्यायला वाट उरली नाही.

पण ह्या खेपेला त्याच्या डोक्यात नुसती दया नव्हती. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे आणि विहारामागं एक खोली रिकामी पडून असते. वस्तीतल्या पोरींना कॉम्प्युटर शिकायचा तर बसनं लातूर गाठावं लागतं. निम्म्या घरांतून पाठवत नाहीत, उरलेल्यांना बस मिळत नाही. नोकरीच्या जाहिरातीत मराठी टायपिंग मागतात आणि ह्या पोरींनी कीबोर्डला बोट लावलेलं नसतं. खोलीत मशिनं लावायची, संध्याकाळी त्यानं शिकवायचं, रविवारी मी, असा बेत होता. मी त्याला एकच सांगितलं. पाऊस लागायच्या आत खोली मिळाली तर ठीक, नाहीतर हे सगळं परत भंगारात. ओसरी माझी आहे.

खोली चांगुणाबाईंच्या हातात होती. नात्यानं त्या अश्वजितच्या लांबच्या आत्या. उभा जन्म औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, धान्य चाळण्यात आणि निवडण्यात गेला. विहाराची खोली बांधायची ठरली तेव्हा ह्या बाईनं दारोदार फिरून विटा मागितल्या होत्या. पैसे नकोत, विटा द्या. समितीत पुरुष आहेत, सह्या ते करतात, पण चांगुणाबाई बोलल्या की विषय संपतो.

रविवारी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि लोक उठायच्या आत अश्वजित उभा राहिला. बोलायची त्याला सवय नाही. जे दुकानात बोलतो तेच बोलला.

"ही मशिनं जुनी हायत. भारी सिस्टीम ह्यांला झेपत न्हाई. म्हणून मी हलकी टाकणार हाव. फुकट मिळती, कुणाला काय द्यायचं न्हाई. आन् आपल्या पोरींला काय, हलकी बास झाली."

शेवटचं वाक्य बोलला नसता तर कदाचित निभावलं असतं.

"काय म्हणलास?" चांगुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "हलकी?"

"हाव आत्या. हलकी म्हंजे..."

"हलकी म्हंजे काय ते मला सांगायलास?" त्या उठल्या. "मोंढ्यात दोन माल असत्यात. भारी आन् हलका. चाळून चाळून आमचे हात सोलायचे. भारी जवारी आडत्याच्या गाडीत, आन् हलकी आमच्या पदरात. किडकी, काळी, खड्याची. वरून म्हणायचे, तुमाला काय, हलकी बास झाली. जातबी हलकी, जवारीबी हलकी. आता तू मशीनबी हलकंच आणलास? आन् त्येबी फुकटचं? खोली मिळणार न्हाई."

त्या सभेतल्या निम्म्या बायांनी ती जवारी खाल्लेली होती.

घरी येताना अश्वजित म्हणाला, "आत्याला टेक्निकल कळत न्हाई."

"तुम्हाला मराठी कळत नाही," मी म्हटलं.

मी चिडले होते, पण त्याचं काळं पडलेलं तोंड बघून पुढचं गिळलं. आपल्याच माणसांपुढं, आपल्याच विहारात, आपल्याच तोंडानं असं बोलून बसणं हे त्याला लागलं होतं. आमच्या पिढीत तो शब्द बोथट झालाय. बॅग हलकी, साडी हलकी, जेवण हलकं. आत्याबाईंच्या पिढीत त्याची धार अजून तशीच आहे आणि आम्हाला ती दिसली नव्हती.

पण गप्प बसेल तो अश्वजित कसला! बोलून जमलं नाही तर दाखवून पटवायचं, असं त्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवर एक मशीन बांधलं, मागं मी मॉनिटर मांडीवर घेऊन बसले, आणि आम्ही चांगुणाबाईंच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं समजावं.

अश्वजितनं पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. डिस्क नसलेलं ते मशीन बघता बघता सुरू झालं. माउस हलला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. मलासुद्धा नवल वाटलं. चांगुणाबाई बारकाईनं बघत होत्या. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली बाई, सावकाश वाचते पण एकही अक्षर सोडत नाही.

"विहाराचं नाव दाव ह्याच्यावर," त्या म्हणाल्या.

वंदनेची सूचना मीच मोबाईलवर मराठीत लिहिलेली होती, नावासकट. अश्वजितनं ती मशीनवर घेतली आणि उघडली. पडद्यावर चौकोन आले. ओळीच्या ओळी नुसते रिकामे चौकोन, मध्येच एखादा आकडा.

"ही कंची भाषा हाय?"

अश्वजितच्या कपाळावर घाम आला. "आत्या, हे मराठीच हाय. पण पेन ड्राइव्ह लहान हाय. माझ्याकडं पडलेले जुनेच घेतले. जागा पुरंना. म्हणून जे लागत न्हाई ते काढलं."

"मराठी लागत न्हाई?"

जागा वाचवायला त्यानं जगातल्या साऱ्या भाषांची अक्षरं एका दमात काढून टाकली होती आणि इंग्रजी तेवढी ठेवली होती. दुकानातली गिऱ्हाइकं इंग्रजीतच काम चालवतात, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या पोरींना मराठी टायपिंग शिकवायचं, त्यांच्याच मशीनमधून ह्यानं मराठी ओझं म्हणून उतरवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चांगुणाबाई मात्र आता चिडलेल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या लेकीच्या मशीनवर हीच हाय का?"

आमची मुलगी बुद्धप्रिया अकरावीला आहे. तिला नवा लॅपटॉप घेतलेला.

"न्हाई," अश्वजित म्हणाला. "तिच्यात कंपनीची हाय."

"भारी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भारी."

"मग जा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आमचं जुंपलं. मी म्हटलं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तर हा म्हणतो, "बरोबर हाय. आता बुद्धप्रियानं विहारातच शिकावं. बाकीच्या पोरींसंगं, त्याच मशीनवर."

माझा पारा चढला. तो लॅपटॉप मी माझ्या पगारातून घेतला होता. नर्सिंग शिकताना माझी सगळी पुस्तकं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली होती, कुणाच्या तरी खुणा केलेली, पानं गेलेली. माझ्या लेकीच्या हातात कुणाचाही हात न लागलेली वस्तू पडावी अशी माझी इच्छा होती. त्यात मला तेव्हा काही चूक वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी तसं तोंडावर सांगितलं.

"तिचा लॅपटॉप कोण काढून घ्यायलंय?" अश्वजित म्हणाला. "पण मी दुसऱ्याच्या लेकीला जे देतो ते माझ्या लेकीला चालत नसंल, तर मग आत्या खरं बोलली. मी हलका मालच वाटायलोय."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण मंगळवारी लसीकरणाला बसले आणि माझं मलाच उमजलं. नवी बाळंतीण लेकराला पोटाशी घट्ट धरून विचारते, "सिस्टर, तुमच्या लेकरालाबी हीच सुई दिली व्हती का?" ह्या प्रश्नाचा मला कधी राग येत नाही. "हो, हीच," मी म्हणते, आणि मग ती पदर बाजूला करते. मी 'हो' म्हणू शकते म्हणून लेकराची मांडी पुढं येते. अश्वजितला त्या घरात 'हो' म्हणता आलं नव्हतं, एवढंच झालं होतं. घरी येऊन मी बुद्धप्रियाला विचारलं. ती म्हणाली, मैत्रिणी असतील तर येते. तिला काहीच अवघड वाटलं नाही. अवघड माझ्यासाठी होतं.

अश्वजितनं सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. ह्या खेपेला आधी मराठी अक्षरं बसवली, मग मराठी कीबोर्ड, मग पडद्यावरच्या सूचना मराठीत केल्या. उरलेल्या जागेत जे मावलं ते ठेवलं. गेम गेले, रंगीत चित्रं गेली, सिनेमा लावायची सोय गेली. बुद्धप्रिया एकेक मशीन तपासायची, कुठं वेलांटी सुटते, कुठं जोडाक्षर फुटतं, ते बापाला दाखवायची. तो मुकाट्यानं दुरुस्त करायचा. सिस्टीमचं नाव त्यानं ह्यावेळी काढलंच नाही. मी विचारलं, आता हिला काय म्हणायचं? तर म्हणाला, "काय बी नका म्हणू."

चांगुणाबाईंना निरोप गेला. उत्तर आलं, "आणा. बघते. मग सांगते. तवर पोरींला भायेर थांबवा."

रविवारी वंदनेनंतर खोलीत मशिनं मांडून झाली. पोरी विहाराच्या अंगणात ताटकळत होत्या. आत समितीची माणसं, मी, आणि मशीन चालवून दाखवायला बुद्धप्रिया. दारासमोरच्या मशीनपाशी अश्वजित स्वतः उभा होता. ते सगळ्यांत चांगलं. पडदा स्वच्छ, त्यावर बुद्धाची मूर्ती, खाली ठळक अक्षरांत विहाराचं नाव. नाव बघूनच आत्या विरघळतील असा माझा होरा होता.

चांगुणाबाईंनी त्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मोंढ्यातली बाई ती! पोत्याच्या तोंडाशी शेतकरी चांगला माल भरतो, हे चाळणीवाल्या बायांना पाठ असतं. त्या वरची मूठ कधी हातात घेत नाहीत, पोतं कलतं करून तळातला माल काढायला लावतात. चांगुणाबाई सरळ चालत खोलीच्या टोकाला गेल्या. तिथं कोपऱ्यात ते एक मशीन होतं, ज्याचा डबा फुटका, पडद्यावर उभी हिरवी रेघ, आणि जे सुरू व्हायला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ घेतं.

त्या मशीनपुढं बुद्धप्रिया बसली होती.

पडद्यांच्या रांगेआड ती मला दिसलीच नव्हती. पोरीला पुढच्या ओळीत बसवलं असेल असंच मी धरून चालले होते. मी अश्वजितकडं बघितलं तर तो जमिनीकडं बघत होता.

चांगुणाबाई वाकल्या. पडद्यावर बुद्धप्रियानं चार-पाच ओळी लिहिल्या होत्या, पंचशीलाच्या, मराठीत अर्थासकट. बाईंनी बोट फिरवत, हिरवी रेघ ओलांडत, सगळ्या वाचल्या. जोडाक्षरांपाशी थांबल्या, परत वाचलं.

"हे कुणी लिव्हलं?"

"मी, आजी."

"हिथं कुणी बसवलं तुला?"

"पप्पांनी."

"पुढं चांगलं हाय की. हेच का?"

बुद्धप्रिया म्हणाली, "पप्पा म्हणले, हे सगळ्यात जास्त रडतंय. हे आपल्याकडं ठेवू."

मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला, की ह्या माणसानं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

चांगुणाबाई सावकाश ताठ झाल्या. अश्वजितशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडं वळल्या.

"मनिषा, ही लेक तुझीच ना?" जसं काही ठाऊकच नव्हतं.

"हो, आत्याबाई. माझीच."

"मग हुबी का हायस? भायेरच्या पोरींला आत घे. उनात थांबल्यात कवाच्या."